तोंडावर पडेल असा उजेड

ट्यूब गेली त्या क्षणी मास्तर बोलत होते, आणि ट्यूब गेल्यानंतरही ते बोलतच राहिले. वस्तुतः बोलणे हा मास्तरांचा प्रांत नव्हे. शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून त्यांची उभी हयात गेलेली. तिथे हाताने खुणा कराव्या, मानेने होकार-नकार द्यावा आणि उरलेले खडूने आखून दाखवावे, असा शिरस्ता. परंतु त्या संध्याकाळी जेवता जेवता बायकोने, मीठ मागावे तितक्या सहजपणे, सांगितले की पुढच्या महिन्यापासून आपण लेकीकडे राहायला जाणार, लेकीने एक खोली रिकामी करून ठेवली आहे, आणि परत येण्याचे तसे काही ठरवलेले नाही. तुमचे काय, तुम्हाला कारखाना आहेच, असेही ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच मास्तरांना अधिक लागले. त्यांनी चमचा खाली ठेवला, घसा खाकरला, तोंड उघडले, आणि तेवढ्यात भिंतीवरची ट्यूब दोनदा फडफडून विझली. अंधाराने मास्तरांची जीभ सैल केली. एवढ्या वर्षांच्या संसारात जे जे ओठांपर्यंत येऊन परत गिळले गेले होते ते सारे, हातातून ताग्याचे टोक सुटावे आणि कापड आपसूक उलगडत जावे तसे, बाहेर पडू लागले. कारखान्यातून परतताना खालून आपल्या खिडकीत उजेड दिसला की जिन्याच्या पायऱ्या कशा हलक्या होतात, ते बोलले. ती चिडून भांडी आपटते तो आवाजही कसा आपल्या घराचा वाटतो, ते बोलले. तू गेलीस तर मी इथे नुसता झोपण्यापुरता येईन, तेही बोलले. मग टेबलाच्या पलीकडून तिचा आवाज आला, शांत, किंचित कंटाळलेला.

"गप्प का बसलात? ट्यूब गेली म्हणून बोलणंही गेलं का तुमचं?"

बायकोला ऐकू येत नाही, ही काही मास्तरांना नव्याने कळलेली गोष्ट नव्हती. एका मोठ्या तापातून ती उठली ती कान गमावूनच. आतल्या नसा वाळल्या, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि कानात घालायचे जे यंत्र दिले त्यातून माणसांचे बोलणे येण्याऐवजी पत्र्यावर खडे ओतल्यासारखा खडखडाट येई, म्हणून ते यंत्र कपाटाच्या खणात गेले ते कायमचेच. पुढे ती समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखू लागली, आणि इतके बेमालूम ओळखू लागली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना कित्येक दिवस पत्ता लागला नाही. मास्तरांनाही हळूहळू विसर पडला असावा. सोबतच्या माणसाचे दुखणे माणूस सवयीने विसरतो. किंबहुना विसरता यावे म्हणूनच सवय लावून घेतो. परंतु तिचे कान आता तिच्या डोळ्यांत आहेत, आणि म्हणून दिवा विझला की या घरात आपण मुके होतो, हे मास्तरांना आज, भरल्या ताटावर बसलेले असताना, प्रथमच उमगले. चाचपडत त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली. तिचा चेहरा उजेडात आला. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, वाट पाहत होती. सांगायचे ते पुन्हा सांगता आले असते. पण अंधारात जे न मागता निघाले ते आता त्या स्थिर डोळ्यांसमोर शब्दाला शब्द जोडून काढायचे म्हणजे सभेत उभे राहून पाठ केलेले म्हणून दाखवण्यासारखे होते, आणि शाळेत असताना तेवढ्या एका भीतीपायीच मास्तरांनी शाळा सोडली होती.

काही नाही, ते म्हणाले, ट्यूब बदलायला हवी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कापडाचे थर लावताना त्यांचा हात चालत होता, पण चित्त थाऱ्यावर नव्हते. वर ट्यूबांच्या रांगा, खाली लांबलचक टेबल. तिथे कशाची सावली म्हणून पडत नसे. यंत्रांच्या घरघरीत कुणाचे कुणाला ऐकू येत नाही, तरी कुणाचे कुणावाचून अडत नाही. पलीकडचा इस्त्रीवाला नुसते ओठ हलवी आणि मास्तरांना कळे की चहाची सुट्टी झाली, शिवाय मालक आज तिरसटलेला आहे. म्हणजे इथे आपण सगळेच बहिरे, आणि इथे मात्र आपण सुखाने बोलतो, हा विचार मनात आला आणि मास्तरांच्या हातातला खडू थांबला. उजेड कमी पडतो, दुसरे काय. घरची ती एकुलती एक ट्यूब, तीही भिंतीच्या एका अंगाला. अर्ध्या खोलीला उजेड आणि अर्धीला नुसती आशा. नवी ट्यूब आणून भागायचे नाही, सगळे छतच नवे करायचे. लेकीच्या घरी त्यांनी पाहिले होते: छताखाली दुसरे पांढरेशुभ्र छत, आणि त्यात दिवे असे बुडवून बसवलेले की दिवा दिसत नाही, नुसता उजेड खाली उतरतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मास्तर मान वर करून इतका वेळ उभे राहिले होते की लेकीने त्यांना खुर्ची आणून दिली. तसे दिवे आपल्या बैठकीच्या खोलीत बसवायचे, म्हणजे मग ती... म्हणजे मग ती काय, हे वाक्य त्यांनी मनातल्या मनातही पुरे केले नाही.

बायकोला त्यांनी एवढेच सांगितले, की खोली जरा नीट करून घेऊ. मी निघाले तेव्हा बरी हौस सुचली, असे म्हणून ती आपल्या कामाला लागली. वायरमन गल्लीतलाच होता. मनुष्य कामाला चोख, पण कधीही विचारा, "उद्या येतो" म्हणणार, म्हणून सगळी गल्ली त्याला 'उद्या' याच नावाने ओळखी, आणि त्यालाही त्याचे काही वाटत नसे. तो आला, छताकडे पाहून त्याने ओठ बाहेर काढले, आणि कुठे कुठे दिवे पाहिजेत ते आखून ठेवा, उद्या येतो, असे म्हणून गेला. मास्तरांना तेवढेच हवे होते. आखणे हा त्यांचा प्राण. कारखान्यातून त्यांनी मार्करचा रुंद तपकिरी कागद मागून आणला. शर्टाचे भाग कापडावर कसे बसवायचे ते ज्या कागदावर आखतात, तोच हा कागद. सुट्टीच्या दिवशी जमिनीवर पसरून ते ढोपरांवर बसले. खोलीच्या भिंती आखल्या, दारे-खिडक्या आखल्या, टेबल आखले, टेबलाच्या दोन टोकांना आपली आणि तिची अशा दोन खुर्च्या आखल्या; आणि मग, हाताला जे वळण होते त्या वळणाने, त्यांनी तो कागद मधोमध दुमडला. शर्टाची पाठ कधी पूर्ण आखत नाहीत. तिची अर्धीच बाजू आखायची आणि कापड घडीवर कापायचे. घडी उघडली की उरलेली अर्धी बाजू आपोआप जुळून येते, तसूभरही इकडेतिकडे होत नाही. मास्तरांनी अर्धी खोली आखली. काजांमध्ये अंतर राखावे तसे समान अंतर राखून दिव्यांचे गोल काढले. एक दिवा बरोबर खुर्चीच्या माथ्यावर. मग घडी उघडली, तेव्हा दुसऱ्या खुर्चीच्या माथ्यावरही तसाच एक दिवा उमटला होता, आणि ती दोन टोके, त्या दोन खुर्च्या, ते दोन दिवे पाहून मास्तरांना इतके समाधान झाले की त्यांना आपला सगळा संसारच असा घडीवर कापलेला, दोन्ही बाजूंनी सारखा, भासू लागला.

ती मध्येच येऊन कागदाच्या कडेने पलीकडे गेली. ढोपरे धरतील, एवढेच म्हणाली. मास्तर आखता आखता म्हणाले, धरू देत, खोली कशी दिसेल बघ तरी. ती काही न बोलता आत गेली, आणि नेहमीप्रमाणे मास्तरांच्या काळजाला एक बारीकसा चिमटा बसला. हल्ली ती अशीच उत्तर न देता निघून जाई. पूर्वी ती अशी नव्हती. पूर्वी, म्हणजे अगदी पहिल्यांदा, मास्तरांनी तिला पाहिले ते काचेतून. ती चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीवर बसत असे. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते, टेबलावर कापड ओढणारा एक पोरगेलासा कामगार होते, आणि खिडकीपाशी गेल्यावर त्यांच्या तोंडून आवाजच फुटला नाही, नुसते ओठ हलले. तिने त्या ओठांकडे पाहिले आणि पाहिजे त्या खेळाचे, पाहिजे त्या रांगेचे तिकीट काढून दिले. मागची रांग ओरडत होती, काच जाड होती, बाहेर रहदारी होती, आणि त्या सगळ्या गोंगाटात या एका बाईला आपले न बोललेलेही कळते, या चमत्काराने मास्तर पुढे किती तरी संध्याकाळी नको असलेली तिकिटे काढत राहिले. त्या बाईशी लग्न झाले म्हणजे आता जन्मभर बोलण्याची यातायात नाही, असेच त्यांनी धरून चालले असावे. ही समजूत चुकीची होती, असे म्हणवत नाही; पण ती बरोबरही नव्हती.

ताप येऊन गेला आणि मास्तर ओरडू लागले. हे त्यांनी मुद्दाम केले नाही. बहिऱ्या माणसाशी मोठ्याने बोलावे, एवढेच कुणालाही सुचते. ते ओरडत, तेव्हा ती त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाही की त्यांना अपराधी वाटे, आणि अपराधी वाटले की ते आणखी ओरडत. नंतर ते ओरडणेही थांबले. मग उरले कामापुरते बोलणे: गॅस, बाजार, दूध, उद्या पाणी येणार नाही. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते तसे त्यांचे बोलणे आटत गेले, आणि आटलेले कापड पुन्हा ओढून मापाला आणता येत नाही, हे मास्तरांहून अधिक कुणाला ठाऊक असणार? ती प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणू लागली. तो हो निराळा असे. त्यात हसू असे, मान हलवणे असे, आणि होकार तेवढा नसे. मास्तरांना ते कळे. त्यांना ते कळते हे तिलाही कळत असावे. परंतु दोघांनीही त्या गोष्टीला हात लावला नाही, जसे काही ती मांडणीवरची काचेची वस्तू होती. लेक एकदा फोनवर म्हणाली होती, बाबा, आई दिवसभर खिडकीतून खाली बघत असते, तुम्ही तिच्याशी बोलता तरी का? मास्तर म्हणाले होते, बोलतो की. आणि फोन ठेवल्यावर, आपण आज तिच्याशी काय बोललो, ते आठवून पाहिले होते, आणि आठवणे अर्ध्यावर सोडून दिले होते.

'उद्या' अखेर एका उद्याला उगवला. छताखाली पट्ट्यांचा सांगाडा उभा राहिला; त्यावर पांढरे तक्ते ठोकायचे आणि तक्त्यांना गोल भोके पाडून दिवे बसवायचे, एवढे बाकी होते. मास्तरांनी त्याला तिथेच अडवले. कारखान्यात सगळा थर कापण्याआधी एक नमुना शिवून पाहतात. एकदा कात्री लागली की कापड परत जोडता येत नाही. भोके पाडण्याआधी दिवे नुसते बांधून दाखव, ते म्हणाले. तुमचा शर्ट आहे का मास्तर, छत आहे, असे पुटपुटत 'उद्या'ने खुणेच्या जागी सांगाड्याला दिवे लटकवले, वायरी जोडल्या, आणि स्क्रू कमी पडले म्हणून तो दुकानाकडे गेला. मास्तरांनी पडदे ओढून घेतले, खोलीत भरदुपारी संध्याकाळ केली, आणि बटण दाबले. उजेड वरून खाली उतरला. टेबलावर तो गोल पडला, दोन्ही खुर्च्यांवर तो गोल पडला, सगळे इतके जुळलेले, इतके रेखीव, की मास्तरांनी आतल्या खोलीत जाऊन तिच्या खांद्याला हात लावून तिला बोलावून आणले. ती आपल्या खुर्चीत बसली. ते आपल्या खुर्चीत, आपल्या दिव्याखाली बसले. वेळ हीच, त्यांनी मनाशी म्हटले. 'उद्या' स्क्रू घेऊन येईपर्यंत विचारून टाकायचे. आणि त्यांनी विचारले. ओरडले नाहीत, पुटपुटलेही नाहीत. तू कायमची जाणार, की थोड्या दिवसांनी परत येणार, असे जसे कुणालाही विचारावे तसे विचारले.

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे किंचित बारीक झाले. मग तिच्या चेहऱ्यावर ते हसू आले, तिने मान हलवली, आणि ती म्हणाली, "हो."

मास्तरांना वाटले, झाले, हेही वाया गेले. एवढा खटाटोप, एवढी आखणी, आणि शेवटी तोच हो. ओरडावे असे वाटले. घशापर्यंत ओरडणे आलेही. पण त्याच वेळी त्यांची नजर काळ्या पडलेल्या टीव्हीच्या काचेवर गेली आणि तिथे त्यांना एक मनुष्य दिसला: कपाळ लखलखीत, नाकाचा शेंडा लखलखीत, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, आणि नाकाखाली सगळा काळोख. त्या माणसाला तोंडच नव्हते. मास्तर बोलले तरी त्या काळोखात काही हलत नव्हते. खोलीतली एकूण एक वस्तू उजेडात होती, टेबलाची कड, पाण्याचा पेला, मास्तरांचे टक्कल, आणि ज्या एवढ्याशा जागेसाठी हा सारा प्रपंच मांडला ती जागा तेवढी सावलीत राहिली होती. डोक्यावरून आलेला उजेड डोक्यावरच थांबतो. घडीवर कापले, की दोन्ही बाजू सारख्या होतात खऱ्या. पण सारख्या काळ्याही होतात. मास्तर उठले. खुर्चीवर चढून त्यांनी आपल्या डोक्यावरचा दिवा, वायर जोडलेली तशीच ठेवून, सोडवला, तो हातात धरून खाली उतरले, आणि टेबलावर ओणवे होऊन तिच्या बाजूने, हात लांब करून, त्याचा झोत स्वतःच्या तोंडावर धरला. डोळे मिटू मिटू झाले. आणि मग त्यांनी, ताप गेल्यापासून जे एकदाही विचारले नव्हते, ते विचारले. ऐकू येते का, हे नव्हे. ते तर सगळेच विचारत.

"दिसतंय का तुला? मी काय बोलतोय ते?"

"आता दिसतंय," ती म्हणाली. आणि थोडे थांबून, चेहऱ्यावरचे हसू काढून बाजूला ठेवल्यासारखे करून, म्हणाली, "मघाशी नव्हतं. काहीच दिसलं नव्हतं."

तो दिवा धरून मास्तरांचा हात भरून आला, पण त्यांनी तो खाली केला नाही. तिला जणू कुणीतरी दार उघडून दिले होते. ती म्हणाली, तिकीटखिडकीत माझ्या डोक्यावर कधी दिवा नव्हता. दिवा होता तो खिडकीच्या बाहेर, माझ्या बाजूने, गिऱ्हाइकाच्या तोंडावर सोडलेला, आणि तो गेला की मी व्यवस्थापकाचा जीव खात असे, कारण लोकांची तोंडे दिसली नाहीत तर मी कुणाला कुठले तिकीट देणार? मी अंधारातच बसत होते, आणि मला सगळे कळत होते. मग ती उठली. मास्तरांच्या खिशातला सपाट खडू तिने न विचारता काढून घेतला, आणि जमिनीवर, कागदावर नव्हे, खऱ्या जमिनीवर, ती फुल्या मारत निघाली. इथे कपाटापाशी उभे राहून तुम्ही बोलता, तेव्हा पाठीमागे खिडकी असते आणि तुम्ही नुसते काळे ठोकळे दिसता. इथे बूट घालताना खाली वाकून बोलता. इथे दारात, निघता निघता, तोंड जिन्याकडे करून जे काय सांगून जाता ते मला आजवर एकदाही कळलेले नाही, दिवसभर मी विचार करते की काय सांगून गेले असतील. आणि तो कागद आखत होतात तेव्हा कागदाशीच बोलत होतात. ओरडता तेव्हा तर तोंड असे काही वेडेवाकडे होते की एक अक्षर लागत नाही. त्यापेक्षा हळू बोला, हळू बोललेले मला चांगले दिसते. मास्तर हातात दिवा धरून उभे होते आणि त्या फुल्या पाहत होते. त्यांना वाटत होते, ही आपल्या बोलण्यातून केव्हाच उठून गेली आहे, हिने कान टाकले तसे आपल्यालाही टाकले आहे. आणि इथे तिच्यापाशी त्यांच्या प्रत्येक हरवलेल्या वाक्याची जागा पक्की होती; काय बोलले ते नाही, पण कुठे उभे राहून बोलले, ते तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत ठाऊक होते. जे ऐकण्याची इच्छाच नाही, त्याची जागा कोण कशाला लक्षात ठेवील? हा विचार त्यांच्या मनात इतका हळुवार उतरला की त्याला धक्का लागू नये म्हणून ते हललेच नाहीत.

'उद्या' स्क्रू घेऊन परतला तो उंबऱ्यातच थांबला. जमिनीवर फुल्याच फुल्या, दिवा मास्तरांच्या हातात, मास्तरांचे डोळे पाण्याने भरलेले. ते झोताने भरले की कशाने, हे त्याने विचारले नाही, तेवढा तो शहाणा होता. पण नवी आखणी ऐकल्यावर मात्र त्याने कपाळाला हात लावला. एक दिवा भिंतीकडे, दोन एकाच कोपऱ्यात, एक बुटांच्या कपाटावर, खुर्चीच्या डोक्यावर एकही नाही. मास्तर, लोक म्हणतील वायरमन पिऊन आला होता, असे त्याने कळवळून सांगितले. लोक माझ्या घरी छत बघायला येत नाहीत, मास्तर म्हणाले. तरीही 'उद्या'ने त्या वाकड्या आखणीतही युक्ती काढलीच. सरळ खाली पाहणाऱ्या दिव्यांऐवजी त्याने मान वळवता येणारे दिवे आणले. ते छतात तसेच बुडून बसतात, पण बोटाने ढकलले की तिरपे होतात. मास्तरांच्या खुर्चीसाठीचा दिवा तिच्या खुर्चीच्या थोडा मागे बसला, आणि तिथून तो टेबल ओलांडून नेमका मास्तरांच्या तोंडावर उतरला. तो पहिल्यांदा लागला तेव्हा मास्तर डोळ्यांवर हात धरून कुरकुरले, की हे म्हणजे चौकशीला बसवल्यासारखे झाले.

"मग खरं बोला," ती म्हणाली, आणि शिडीवरचा 'उद्या' इतका हसला की शिडी हलली.

तक्ते बसले, रंग झाला, धूळ पुसून झाली, आणि एके संध्याकाळी खोली आपली आपल्याला परत मिळाली. छताकडे पाहिले तर ते खरोखरच विचित्र दिसत होते. दिवे जणू कुणीतरी मूठभर उधळलेले आणि जिथे पडले तिथे रुतलेले. मास्तरांच्या आखीव मनाला ते अजून मधूनमधून खुपत होते. पण खाली, माणसांच्या उंचीवर, उजेड कसा ऐसपैस बसला होता. बायकोने त्यांना खुर्चीत बसवले, दिव्याची मान जरा खाली करवून घेतली, आपल्या जागेवर जाऊन पाहिले, आणि नकाराची मान हलवली. मास्तरांचा चेहरा पडला. ती उठून आत गेली आणि टॉवेल व धागे तोडायची बारीक कात्री घेऊन आली. दिव्याचा दोष नाही, ती म्हणाली, या मिशीला कोण काय करणार, वरचा ओठ तर हिने गिळूनच टाकलाय. मास्तरांची मिशी ही त्यांची एकमेव चैन होती. कारखान्यात सगळे त्या मिशीला वचकून असत. पण टॉवेल गळ्याभोवती आलाही होता. तिने त्यांची हनुवटी दोन बोटांनी उचलली आणि मिशीची खालची कड एकेक केस पाहून कापायला सुरुवात केली. ओठ हलवू नका, तिने बजावले. म्हणून मास्तर गप्प बसले, आणि तीच बोलत राहिली. इतक्या जवळून तिचा आवाज त्यांना वेगळा वाटला, स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे जरा पुढेमागे होणारा, कुठे उगाच चढणारा, आणि तरीही तिचाच. सकाळी लेकीला मोबाइलवर लिहून कळवले, ती सांगत होती, की त्या खोलीत तिने तिचे सामान परत लावावे. चार दिवस येईन, राहीन, लेकीकडे माहेरपण करून घेईन आणि घरी येईन. तिने विचारले, आई, अचानक काय झाले? मी म्हटले, अगं, इथे आता कुठे दिसायला लागलेय. कात्री थांबली. तिने ओठांवरचे केस फुंकरीने उडवले, टॉवेल काढून झटकला, आणि जाऊन समोरच्या खुर्चीत बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवून, तिकीट द्यायला बसावे तशी नीट.

"आता बोला," ती म्हणाली.

मास्तरांनी वरच्या ओठावरून जीभ फिरवली. तिथे वारा लागत होता. उजेड डोळ्यांत येत होता आणि त्याच्या पलीकडे तिचा चेहरा होता. अंधारात बोललेले त्यातले काहीच त्यांना आता आठवेना, आणि आश्चर्य म्हणजे त्याची त्यांना भीतीही वाटेना. दुसरे काहीतरी सुचेल, नाही सुचले तर दुधाचे बोलू, पाण्याचे बोलू. हळू, तिने सांगितले होते तसे हळू, त्यांनी सुरुवात केली की तू चार दिवस गेलीस तरी मला त्या चार दिवसांत इथे...

"ते कळलं," ती म्हणाली, "पुढचं सांगा."

मास्तर थांबले. पूर्वी ती हे नेहमी करी. त्यांचे वाक्य मुश्किलीने अर्ध्यावर पोचलेले असे, की ही तिथे आधीच जाऊन बसलेली. त्यांना त्याचा काय राग येई, मला एक तरी वाक्य पुरे करू दे, म्हणून ते किती वेळा ताटावरून उठले होते. ताप गेल्यापासून मात्र तिने त्यांना कधी तोडले नव्हते. ती त्यांचे तोंड हलायचे थांबेपर्यंत वाट पाही, एखाद्या पाहुण्यासारखी, आणि मग हो म्हणे. मास्तरांनी एकदा छताकडे पाहिले, एकदा तिच्याकडे पाहिले, आणि अर्धे वाक्य तोंडात तसेच राहिलेला तो मनुष्य घाईघाईने पुढचे काय ते शोधू लागला.